काचेपलीकडचा वॉर्ड

"हे डिप्रेशन आहे," अमरावतीच्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. "आणि आजूबाजूचं सगळं खोटं, लांबचं वाटतं ना, त्याला डीरिअलायझेशन म्हणतात. तू वाचलं असशील."

वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. डीरिअलायझेशन म्हणजे जग जागेवर असतं, पण मधे काच आल्यासारखं वाटतं. खिडकीबाहेर कडुनिंब हलत होता. माझ्यासाठी तो पाण्याखाली हलत होता.

मी अकोल्यात बालरोग विषयात एमडी करते आहे. घर भातकुलीला. बाबा एसटीत कंडक्टर होते. मला सीट मिळाली तेव्हा आमच्या विहारात खीर वाटली होती. त्यामुळे माझ्या थकव्यावर फक्त माझाच हक्क आहे, असं मला कधी वाटलंच नाही.

आधी चव गेली. पोळी, वरण, वांग्याची भाजी, सगळं कागदासारखं. मग झोप तुटू लागली. मग आवाज लांब जाऊ लागले. मी ड्यूट्यांना दोष देत राहिले.

एका सकाळी वॉर्डात मूर्तिजापूरची एक बाई आपल्या बाळाबद्दल सांगत होती. तिचे ओठ हलत होते आणि शब्द मागून, सावकाश येत होते. बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप धरलेला हात मी पाहिला. कुणाचा आहे हा, असं मनात आलं. मी हात काढला आणि माझ्याच वर्षाच्या शाहिस्ताला हाक मारली.

"मला नीट ऐकू येत नाहीये," मी म्हटलं. "म्हणजे कानाचं नाही काही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मले दिसून राहिलं होतं ना. काहून लपवत होती? जा तू. तुझे पेशंट मी पाहते."

अकोल्यात प्रत्येक ओपीडीत ओळखीचं माणूस, म्हणून बाबांसोबत अमरावतीला गेले. मॅडमनी पहिल्या भेटीत थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह अशा तपासण्या करायला सांगितल्या. थायरॉईड बिघडलं तरी माणूस असा मंदावतो. प्रतीक्षा कक्षात बसून मी मनापासून थायरॉईड मागत होते. रिपोर्ट नॉर्मल आले आणि मला रडू फुटलं.

मग मॅडमनी ते निदान सांगितलं आणि सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं?"

"तसं नाही. पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सांगितलंस ते फार बरं केलंस. हे तुझ्या बाबांनाही माहीत असायला हवं. त्यांना आत बोलावू?"

मी मान हलवली. बाबा आत येऊन खुर्चीच्या काठावर बसले. एसएसआरआय गटातली गोळी सुरू झाली. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ टिकून राहावं म्हणून ही गोळी असते. गुण यायला काही आठवडे लागतात.

"मला सीट सोडायची आहे," मी म्हटलं.

"सोडशील किंवा राहशील," मॅडम म्हणाल्या. "पण हे आत्ता आजार बोलतोय. तो उतरू दे, मग तू ठरव."

आम्ही भातकुलीला घरी आलो. दारात चप्पल काढताना बाबा म्हणाले, "लोकं इचारतीन तं काय सांगू?" आणि मग स्वतःच, "बिमार आहे म्हणीन. खोटं थोडीच आहे."

भातकुलीतले ते दिवस मला धुक्यासारखे आठवतात. सुरुवातीला गोळीने मळमळायचं. मी ओट्यावर बसायचे. तुरीवर पिवळी फुलं होती, त्यांच्यावरून ऊन सरकायचं, आणि संध्याकाळ कधी झाली ते कळायचं नाही. आई शेजारी बसून शेंगा सोलायची.

एके दिवशी नळ आला नव्हता. आईने बोअरच्या पाण्याचा चहा केला. आमच्याकडे जमिनीतलं पाणी खारं. मी घोट घेतला आणि म्हणाले, "शी, किती खारट."

आईचे हात थांबले. बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं. कितीतरी दिवसांत मी पहिल्यांदाच कशाला तरी नावं ठेवली होती.

त्यानंतर एकदा शाहिस्ताचा फोन आला. ती काही बोलायच्या आत मी विचारलं, "मूर्तिजापूरचं ते बाळ घरी गेलं का?"

"गेलं. दूध पिऊन राहिलं चांगलं."

फोन ठेवला आणि जाणवलं, हे मी कुणाच्या दबावाने विचारलं नव्हतं. मला खरंच हवं होतं ते उत्तर. सीट ठेवायची, हे विहारातल्या खिरीने नाही, त्या प्रश्नाने ठरलं.

मी अकोल्याला परतले तेव्हा विभागप्रमुख सरांनी सुरुवातीला ड्यूट्या हलक्या दिल्या. गोळी आणि समुपदेशन चालू आहे. अजूनही एखाद्या दुपारी काच मधे येते. आता मी ती ओळखते, कुणाला तरी सांगते, आणि ती विरते. तुम्हीही रेसिडेंट असाल आणि जेवण कागदासारखं लागत असेल, तर थांबू नका. शेजारच्या माणसाला एवढंच सांगा की मला बरं वाटत नाहीये. पुढचं एकट्याने करावं लागत नाही.

परवा वॉर्डात मला गोळी घेताना एका बाळाच्या आईने पाहिलं.

"मॅडम, तुमी बी गोया खाता?"

"हो. माझं मन आजारी आहे. बरं होतंय."

तिने थोडा विचार केला. मग झोपलेल्या लेकराचे पाय हलकेच बाजूला सारले आणि कॉटवर जागा केली.

"मंग बसा ना जराशा," ती म्हणाली.

मी बसले.