वाफेतले थेंब

आमच्या साखर कारखान्यातला कोडोलीचा फिटर कुणी काहीही विचारलं की आधी "व्हय" म्हणायचा आणि मग ऐकायचा. मी टर्बाइनशेजारी टेबल टाकून वाफेचा दाब टिपायचो. वाफेतले पाण्याचे थेंब आदळून पोलादी पात्यांच्या कडा किती झिजल्यात, हे तो नुसता अंगठा फिरवून सांगायचा.

त्या वर्षी गळीत हंगामाआधी त्याचा अंगठाच कापला.

"करवत झालीया साहेब. पातं तुटलं तर भिंतीतनं आरपार जाईल."

"एवढा हंगाम निघतोय की!" साहेब म्हणाले.

"व्हय." त्यानं पाती ठीक असल्याची सही केली आणि स्वतःचं स्टूल उचलून जाड खांबामागं नेलं.

"माझं टेबल हितंच चालंल न्हवं?" मी विचारलं.

"व्हय," तो खांबामागनं म्हणाला.