काळीचं दुखणं

कोंबडीला काय झालंय ते सगळ्या पिंगळी गावात एकट्या धुरपताबाईला कळायचं. माणसांना वैद्य होता, बैलांसाठी एक म्हातारा होता, पण कोंबडीसाठी कोण रिकामं बसलंय? म्हणून बाया आजारी कोंबडी पदराखाली झाकून धुरपताबाईच्या ओट्यावर यायच्या. ती आधी तुरा चोळून बघायची, मग चोच उघडून वास घ्यायची, गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपायची आणि शेवटी शेपटी वर करून घाणीचा रंग बघायची. की लगेच निकाल. "पोटात किडे हायेत हिच्या." नाहीतर, "हिला काई बी झालं न्हाई, खुडूक हाय, उगं कशाला आनलीस?" आणि कोंबडी वाचणार नसली तर तेही तोंडावर. "आजच काप बाई, उद्या फेकून द्यावी लागंल." बोलणं असं, की ऐकणारीच्या डोळ्यांत पाणी यावं. पण तिचा शब्द कधी खोटा पडला नाही.

एकदाच ती ठरवून खोटं बोलली होती, तीही निजाम सरकारच्या चपराशापुढं. वसुलीचा साहेब, गिरदावर, दौऱ्यावर आला की हा मेला चपराशी घराघरातून कोंबड्या उचलायचा, वर पुन्हा हुकूम म्हणायचा. धुरपताबाईनं चांगली धडधाकट कोंबडी त्याच्या नाकासमोर उलटी धरली आणि म्हणाली, "लय बिमार हाय, न्या खुशाल. सायबाला जुलाब झाले तर माहं नाव सांगू नका." गडी आल्या पावली परत. गल्ली महिनाभर हसत होती.

रझाकारांच्या धामधुमीच्या पाच-सहा वर्षं आधी ती दुसऱ्यांदा खोटं बोलली. तेव्हा कुणी हसलं नाही.

तिच्या शेजारी झुंबरबाई राहायची. नवरा वारलेला, एकुलती लेक झरी गावात दिलेली, घरात ती आणि तिच्या कोंबड्या. दोघींची भिंतीला भिंत आणि उकिरडा एकच. झुंबरबाईच्या बारा, धुरपताबाईच्या नऊ. तांबड्या, कवड्या, उघड्या मानेच्या, सगळ्या दिवसभर मिसळून उकरायच्या आणि दिवस मावळला की आपापल्या खुराड्यात शिरायच्या. त्या नवांतली एक काळी नवसाची होती.

धुरपताबाईच्या सुनेची, छबूची, दोन बाळं पाचवी न बघताच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा धुरपताबाईनं काळ्या कोंबडीच्या डोक्याला हळदकुंकू लावलं आणि सटवाईला सांगितलं, "लेकरानं पाचवी बघितली, तर त्याच दिशी ही तुला वाहीन." अशी देवीला सोडलेली कोंबडी विकायची नाही, कापायची नाही, घराबाहेर काढायची नाही.

छबूचा नववा सरत आला आणि एका सकाळी काळी उकिरड्याच्या कडेला पिसं फुगवून एकटीच उभी दिसली. धुरपताबाईनं तिला उचललं. तुरा निळसर. चोचीतून चिकट लाळ. घाण हिरवी. पोट दाबून बघितलं, अंडं नव्हतं. मानमोडी! रोगानं मान वळल्यावर आंधळ्यालाही कळतं, पण धुरपताबाईला ते दोन दिवस आधी कळायचं.

मानमोडीची गावात रीत ठरलेली होती. पहिल्या कोंबडीची मान मुरगळून ती शिवेबाहेर पुरायची आणि बाकीच्या त्याच दिवशी पाटीत घालून परगावी सोयऱ्यांकडं न्यायच्या. म्हणजे तिनं नुसतं नाव घेतलं असतं तरी गल्लीतल्या बायांनी काळीला तासभर जगू दिलं नसतं. सटवाईच्या कोंबडीची मान मुरगळायची, आणि तीही छबूचे दिवस भरलेले असताना?

तेवढ्यात झुंबरबाई आलीच. "काय झालं ग काळीला? माह्या झरीला घिऊन जाऊ का? जायचं तर आताच निघते."

"छ्या! अंडं अडकलंय," धुरपताबाई म्हणाली. "कोमट पान्यात बसवली की मोकळी हुईल. तू कशाला पायपीट करतीस?"

"तू म्हन्तीस तर बरंच हाय," झुंबरबाई म्हणाली आणि निवांत घरी गेली.

तिसऱ्या दिवशी काळी मेली. धुरपताबाईनं ती परसात गुपचूप पुरली. त्याच दिवशी छबूला मुलगा झाला. आणि दुसऱ्या दिवसापासून झुंबरबाईच्या कोंबड्या माना पाठीवर टाकून गोल गोल फिरायला लागल्या. आज दोन, उद्या चार. धुरपताबाईच्याही सगळ्या गेल्या. झुंबरबाई रोज पाटी भरून शिवेकडं जायची आणि रिकामी पाटी घेऊन परत यायची. धुरपताबाईच्या दारावरून जाताना ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

पाचवीचा दिवस उजाडला. पोर जिवंत होतं, चांगलं ठणठणीत. सटवाई वाट बघत होती आणि गावात कोंबडी उरली नव्हती. ज्यांच्या वाचल्या त्यांनी केव्हाच परगावी नेल्या होत्या. नवसाच्या बदल्यात द्यायला काळ्या रंगाची अशी एकच होती, झुंबरबाईच्या घरात कोपऱ्यात डालग्याखाली अंड्यांवर बसलेली. उकिरड्यावर गेली नाही म्हणून वाचलेली.

दुपारी धुरपताबाई शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. "झुंबरे, आज पाचवी हाय."

"ठावं हाय. पोराचं रडनं आयकू येतंय भिंतीतून."

"ती बसलेली..." धुरपताबाईनं कोपऱ्यातल्या डालग्याकडं बोट केलं.

झुंबरबाई उठली. तिनं डालगं उचललं. काळी फुगली, हातावर चोच मारायला लागली. खाली अकरा अंडी होती, एक-दोन दिवसांत फुटणारी. आतून बारीक चिवचिव येत होती. झुंबरबाईनं दोन्ही हातांनी कोंबडी अंड्यांवरून उचलली आणि धुरपताबाईच्या हातात दिली.

"घे. लेकरानं कुनाचं काय वाईट केलंय? पर आदी नीट बघ. बिमार कोंबडी देवीला चालत न्हाई."

धुरपताबाईनं तुरा चोळला. चोच उघडली. पिशवी चाचपली. शेपटी वर केली. कोंबडीत काही खोट नव्हती. "चांगली हाय," ती म्हणाली.

"खरं बोलायलीस का?"

"सटवाईशप्पत, झुंबरे!"

"म्या मागितली अस्ती तर शप्पत तू त्या दिशीबी घेतली अस्तीस," झुंबरबाई म्हणाली, आणि अंड्यांवर गोधडी टाकायला खाली बसली.