सतरा नंबरची लेक

आमच्या संग्रहालयाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. तिथे एका बंद पडलेल्या पैदास केंद्रातल्या मेंढ्यांच्या लोकरीच्या बटा खणाखणांतून ठेवल्यात, पिढीवार, दोऱ्याने बांधून. खण ओढला की कापराचा आणि जुन्या लोकरीचा तेलकट वास येतो आणि दुपार पेंगायला लागते. माझं अक्षर बरं, म्हणून लेबलं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खणांची राखण मावशींकडे. त्या इथल्या कुणाच्याच मावशी नाहीत, पण संचालकांपासून सगळे त्यांना मावशीच म्हणतात.

तरुणपणी त्या त्याच केंद्रात मेंढ्या सांभाळायच्या. केंद्र बंद झालं, खण इथे आले, पाठोपाठ त्याही आल्या. "सामानाबरोबर आले गं मी, यादीत नाव नव्हतं एवढंच," त्या म्हणतात. डोळे मिटून एखाद्या बटेवरून बोट फिरवतात आणि कुठल्या कुरणात पोचतात देव जाणे. मग कितीही हाका मारा, ओ नाही. मी चिडते. खरं तर मला हेवा वाटतो. मला माझ्या टेबलापलीकडे कुठेच पोचता येत नाही.

खोलीच्या मध्यभागी काचेच्या कपाटात पेंढा भरलेल्या दोन मेंढ्या उभ्या आहेत. एक सतरा नंबर, केंद्राची नावाजलेली मेंढी. दुसरी तिची लेक. नोंदवहीत तसं लिहिलंय, लेबलावरही तसंच. मावशी रोज आल्या आल्या आधी ती काच पुसतात.

परवा एक संशोधक बाई आल्या. नोंदी दुरुस्त करायची मुभाही संचालकांनी त्यांना दिली होती. लोकरीचा मऊपणा आईकडून लेकीत कसा उतरतो, हे त्यांना जनुकं तपासून बघायचं होतं. दोघींच्या कातडीचा नखाएवढा तुकडा हवा होता. त्यांनी कपाट उघडलं आणि मावशी मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"नका कापू बाई. ती हिची नाही."

मला वाटलं, मावशी अजून कुरणातच आहेत. पण त्या सावकाश, स्वतःशीच बोलावं तसं सांगू लागल्या. चाळीस वर्षांपूर्वी एका पहाटे सतरा नंबरला मेलेलं कोकरू झालं. शेजारच्या कप्प्यात दुसरी, नुकतीच आणलेली, नंबर न पडलेली मेंढी विताना गेली, तिचं पोर मात्र जिवंत. बिनआईचं पोर केंद्रात ठेवत नसत, थेट खाटकाकडे. आणि मेंढी परक्या पोराला जवळ येऊ देत नाही. वासाने ओळखते, ढुशी मारते. मावशींनी मेलेल्या कोकराचं कातडं काढलं आणि जिवंत कोकराला झबल्यासारखं चढवलं. सतरा नंबरने हुंगलं, पाजलं. आठवड्याने केंद्राचे साहेब आले तेव्हा झबलं उतरलेलं होतं. आईपाशी लेकरू दिसलं, त्यांनी लिहून टाकलं.

"त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही," मावशी म्हणाल्या. "पोर जगत होतं ना."

"आत्ता तरी बोललात, नाहीतर माझं सगळंच चुकलं असतं," संशोधक बाई म्हणाल्या. मग जरा अवघडून, "पण मग हिला इथे ठेवता यायचं नाही. सुटे नमुने माळ्यावर जातात." माझ्याकडे वळून त्यांनी नवं लेबल सांगितलं: आई, अज्ञात.

मावशींनी कपाटाचं दार घट्ट धरून ठेवलं.

"ते झबलं मी चौथ्या दिवशी काढलं," त्या म्हणाल्या. "वास गेला सगळा. हिने हुंगलं. पुढून, मागून, कितीतरी वेळ. मी काठी घेऊन उभी, ही आता ढुशी मारते का मग मारते. हिला कळलं होतं बाई. कळलं, आणि तरी वळून पाजायला उभी राहिली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं कशाला. संशोधक बाईंनी लेकीच्या लेबलावर बोट ठेवलं.

"मोठं लेबल मावेल ना इथे?" त्यांनी मला विचारलं.

मावेल म्हटलं, आणि लिहायला बसले: आई, सतरा नंबर. जन्म दुसरीच्या पोटी. चौथ्या दिवशी हिने ओळखून जवळ केली.