हळदीच्या कडेचं मैदान

वसमतला मी रोज सकाळी ज्या मैदानावर फिरायला जातो, तिथं उन्हाळ्यात लोक शिजवलेली हळद वाळत घालतात. उरलेल्या पट्ट्यात एक माणूस मुलींना फुटबॉल शिकवतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो डाव्या पायानं लंगडतो. चेंडू हळदीत गेला, की मुलीनं बूट काढून अनवाणी आत जायचं, असा त्याचा नियम आहे. कुणाचं तरी पीक आहे ते.

एकदा मीच चिडलो. "हे मैदान खेळायचं की हळदीचं? तक्रार करा की!"

तो हसला. "काहून करायची? जागा कमी हाय म्हणून तर पोरी एकमेकींकडं बघून चेंडू देऊन राहिल्या. मी कॉलेजात लई गोल मारले, पण कुणाकडं बघितलंच न्हाई. गुडघा गेला, रेघेबाहेर बसलो, तवा पहिल्यांदा खेळ दिसला."

"म्हणून शिकवायला लागलात?"

"व्हय. दिसल्यावर गप कसं बसावं?"

हळदीतून आलेला चेंडू त्यानं हातानं पुसून खेळात टाकला. गोलसमोर अडलेल्या एका मुलीनं मान वळवून तो मैत्रिणीला दिला आणि मैत्रिणीनं गोल केला. सगळ्याजणी गोल करणारीभोवती नाचायला लागल्या. हा मात्र लंगडत चेंडू देणारीकडं गेला आणि त्यानं तिच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. पांढऱ्या टी-शर्टवर पिवळा पंजा उमटला.

दुसऱ्या दिवशी ती तोच टी-शर्ट न धुता घालून आली.