शनिवारचा घरचा कागद

मला अक्षरओळख झाली ती कामगारांच्या पत्रकांवरून. वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी होते आणि थेरगावातल्या आमच्या खोलीत पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त होती. आठवीत मी इंग्रजीच्या बाईंना भर वर्गात सांगितलं, ही मालकांची भाषा आहे, मी शिकणार नाही. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"मग तर तुला जास्त लागेल," एवढंच म्हणाल्या.

बाईंची एक पद्धत होती. दर शनिवारी प्रत्येकाने घरातला एक इंग्रजी कागद आणायचा, घरात कोणालाच वाचता न आलेला. मिक्सरचं वॉरंटी कार्ड, गेटपास, दवाखान्याचा रिपोर्ट, काहीही. महापालिकेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी अशीच गेली. पाठ्यपुस्तक मागे पडतं म्हणून मुख्याध्यापक कुरकुरत, तर त्या सकाळी लवकर येऊन धडे पुरे करून देत. मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. पुरस्कार वगैरे काही नाही. त्याचा राग त्यांना नाही, मला आहे.

मी शनिवारी मुद्दाम रिकाम्या हाताने जायचे. मग एका शुक्रवारी वडिलांनी कंपनीतून चार पानांचा कागद आणला. कंत्राट पुढे चालू ठेवण्यासाठी आहे, सोमवारी सही करून द्या, असं सुपरवायझर म्हणाला होता. शेवटच्या पानावर पेन्सिलची बारीक फुली होती. आमच्या चाळीत सगळे तशीच सही करत, फुली दिसेल तिथे. मालकशाहीवर तासभर बोलणारे माझे वडील पेन शोधायला लागले. सोमवारपर्यंत वेळ आहे, असं म्हणून मी कागद दप्तरात घातला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो एकदा वरून खालपर्यंत पाहिला आणि शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं. शब्दकोश मध्ये ठेवून माझ्या शेजारी बाकावर बसल्या. दोन मिनिटांत अर्थ सांगता आला असता त्यांना. मी चिडले. म्हटलं, बाई, वडिलांच्या नोकरीचा प्रश्न आहे, सांगून टाका ना.

"घरी तू वाचणार आहेस," त्या म्हणाल्या. "तिथे मी नसेन."

त्यांची चिंचवडची बस गेली, नंतरचीही गेली. तिसऱ्या पानावर मला कळलं, कागदात लिहिलं होतं: वडील स्वतःच्या इच्छेने काम सोडत आहेत आणि कंपनीकडे त्यांचं काहीही मागणं उरलेलं नाही.

घरी मी अडखळत एकेक वाक्य वाचलं, मग मराठीत सांगितलं. वडिलांनी तीनदा वाचायला लावलं.

"बाईंनी सांगितलं का असं?"

"नाही. मीच वाचलं."

सोमवारी त्यांनी कागद सही न करता परत दिला. त्यांच्या लाइनवरच्या आणखी तिघांनीही त्यांचं ऐकून पेन खिशात ठेवलं. वडिलांना मग सगळ्यात अवजड कामावर टाकलं, पण त्या वर्षी तरी कोणाला त्यांना काढता आलं नाही.

पुढच्या शनिवारी ते कंपनीच्या गणवेशातच शाळेत आले. मला वाटलं, बाईंचे आभार मानतील. त्यांनी दारातून विचारलं, "बाई, मागं बसलो तर चालंल का?"

बाईंनी शेवटच्या बाकावरची दोन मुलं पुढे सरकवली. वडिलांचे गुडघे बाकाखाली मावेनात, तसेच तिरके बसले, आणि माझ्या मैत्रिणीने आणलेलं कुकरचं माहितीपत्रक बाईंच्या मागोमाग सगळ्यांबरोबर मोठ्याने वाचू लागले.