काझीपुऱ्यातला दत्तू

दत्तू गेल्याची बातमी मला बशीर मास्तरांनी सांगितली. माझ्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी उभे राहून ते म्हणाले, “आप्पासाहेब, पंत गेले हो...” शाळेत जाता जाता तो त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी कोसळला होता. खरं सांगतो, रडू फुटण्याआधी मला राग आला. गोदावरीत पोहायला शिकलो ते आम्ही दोघं एकमेकांच्या आधारानं, आणि शेवटच्या क्षणी त्याला पाणी पाजायला हे मास्तर!

दत्तू शाळेत संस्कृत शिकवायचा. संध्याकाळी आम्ही घाटावर बसायचो, तो आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मग एकाएकी त्यानं काझीपुऱ्यात, उर्दू शाळेच्या या मास्तरांकडे कुराण समजून घ्यायला जायला सुरुवात केली आणि घाटावर मी एकटा उरलो. “बाटणार आहेस का?” मी चिडून विचारलं. “अरे आप्पा, जन्मभर बांग ऐकत उठलो, ती काय म्हणते ते आपल्याला ठाऊक नको? आधी नीट ऐकून तर घेऊ दे. नाही पटलं तर तसं मास्तरांनाच सांगीन.” आणि सांगायचाही. घरची संध्या त्यानं कधी चुकवली नाही. नशीब आधीच लिहिलेलं असेल तर शिक्षा कशाची, यावरून तर दोघं आठवडाभर भांडले म्हणे. माझ्याशी तो जन्मात भांडला नाही... त्या भांडणाचाही मला हेवा वाटला.

गेल्या रमजानात त्यानं एक रोजा धरून बघायचं ठरवलं. दुपारी माझ्या दुकानात येऊन शेंगदाण्याचे लाडू, दोन केळी आणि वर चहा घेतला. उपासाला आपल्याकडे चालतं ते सगळं! केळी तर मीच दिली होती. संध्याकाळी मास्तरांकडे त्यानं हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. “अहो पंत, रोज्यात पाणीसुद्धा घ्यायचं नसतं!” मास्तर म्हणाले, आणि पडद्याआडून त्यांची बेगमही हसत सुटली. दुसऱ्या दिवशी दत्तूनं मला हे सांगितलं तेव्हा मीही हसलो, पण आतून जळलो. त्याच्या फजितीला पहिल्यांदा हसायचा मान लहानपणापासून माझा होता.

अंत्ययात्रेत खांदा मी दिला. मास्तर मागून चालत होते. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

पुढे दत्तूच्या बायकोनं, वहिनींनी, मास्तरांची पुस्तकं परत करायला मला पाठवलं. मास्तर शिकवायचे त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. खिडकीखालच्या सतरंजीकडे बोट दाखवून मास्तर म्हणाले, “पंत इथं बसायचे. आता एक वकील यायचं म्हणतायत.” मी तडक जाऊन तिथं बसलो. “तुम्हालाही शिकायचंय?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

तेव्हापासून रोज जातो. मास्तर जीव तोडून अर्थ सांगतात, माझ्या डोक्यात फारसं शिरत नाही. प्रत्येक वाक्यानंतर मी एवढंच विचारतो, “इथं दत्तू काय म्हणाला होता?” मास्तर थोडं थांबतात, आठवतात, सांगतात... सगळं सांगत नसावेत, असं मला अजून वाटतं.