एक नळी, पाच बार

आमच्या गावी कुणी बंदुकीचा शौकीन आला, की तो आधी दिराच्या ओसरीवर जातो, कारण दुनळी तिथे आहे. ती मधे मोडून उघडतो, दोन्ही नळ्यांतून उजेड बघतो, दस्त्यावरची नक्षी अंगठ्याने चोळतो आणि मान डोलावतो. मग चहाला माझ्याकडे येतो. माझी बंदूक खुंटीवर असते. तिच्याकडे त्याचं लक्ष जात नाही, आणि गेलंच तर विचारतो, ही अजून चालते का? मी चालते म्हणते आणि साखर किती घालू ते विचारते. ज्याला बंदूक नुसती बघायची आहे त्याने दुनळीच बघावी. ज्याला तिच्याकडून काम करून घ्यायचं आहे त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

माझी बंदूक बेल्जियमची, बारा बोअरची, एका नळीची. तिच्यात एका वेळी पाच काडतुसं मावतात. बार झाला की रिकामं काडतूस ती स्वतः बाहेर फेकते आणि पुढचं नळीत घेते. आपण फक्त चाप पुन्हा दाबायचा. पोलीस अ‍ॅक्शननंतर खुलताबादकडचे एक जागीरदार घर आवरून हैदराबादला निघाले, तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्याकडून दुनळी विकत घेतली. ही जोडीला गळ्यात पडली. दुनळी सडपातळ, देखणी. हिची पाठ मागे उंच आणि एकदम तुटलेली.

सासऱ्यांनी ती एकदाच उडवली. मोठ्या छऱ्याचं काडतूस होतं. खांदा असा काळानिळा झाला की पुढे बरेच दिवस त्यांना डोक्याचा पटका बांधता येईना. काही वर्षांनी दिराने तितरासाठी बारीक छऱ्याचं काडतूस घालून बघितलं, तर रिकामी नळकांडी अर्धवट बाहेर येऊन अडकून बसली. झाला निकाल. मोठं घातलं तर लाथ मारते, लहान घातलं तर अडून बसते. त्यानंतर ती फक्त दसऱ्याला पूजेसाठी खाली उतरायची.

वाटणीत ती आमच्याकडे आली. दीर माझ्याहून लहान, तोंडाने तिखट. सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, घोडा मी घेतला. तुमच्या वाट्याला उंट." सगळे हसले, मीही हसले. परवाना मात्र माझ्या नावावर करून घेतला, कारण यजमान शहरात कचेरीत नोकरीला होते आणि बंदुकीच्या आवाजाने त्यांचं दिवसभर डोकं दुखायचं.

खरा प्रश्न बंदुकीचा नव्हता, जमिनीचा होता. दिराचं म्हणणं असं, की भाऊ शहरात, वहिनी इथे एकटी, तेव्हा भावाच्या वाट्याची जमीन आपण बटाईने करू आणि निम्मं पीक त्यांना घरपोच देऊ. सासऱ्यांना ते पटत चाललं होतं. मला शहरात दोन खोल्यांत जाऊन बसायचं नव्हतं. शेती मला येत होती, विहिरीवरचं इंजिन मी स्वतः खोलून जोडत होते. शेवटी सासऱ्यांनी मला एक हंगाम दिला. नाल्याकडच्या तुकड्यात भुईमूग लावला आहेस, तो घरात आणून दाखव, नाहीतर जमीन बटाईला जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

भुईमूग झकास आला. शेंगा भरायला लागल्या आणि डोंगरातून रानडुकरं उतरली.

डुक्कर भुईमूग खातो म्हणजे वावर नांगरून काढतो. एका सकाळी गेले तर नाल्याकडचा सगळा कोपरा उलथापालथा झालेला, वेल वर आणि शेंगांची टरफलं मातीत. डबे वाजवले, जाळ केला, बुजगावणी उभी केली. डुकरांनी बुजगावणीही पाडली. उपाय एकच होता. दिवसा ती नाल्यातल्या निरगुडीत पडून असतात, तिथे हाका घालायचा, म्हणजे माणसांनी ओरडत त्यांना बाहेर काढायचं आणि बंदुकीवाल्याने वाटेवर उभं राहायचं. त्यासाठी चालणारी बंदूक हवी होती आणि हाका घालणारी माणसं.

बंदूक मी अंगणात पोत्यावर उघडली. हिच्या नळीखाली काडतुसांची दुसरी नळी असते आणि तिच्यावर एक मोठी स्प्रिंग. बार झाला की वरची नळी सगळीच्या सगळी मागे येते आणि ही स्प्रिंग तिला सांभाळते. लाकडी पकड काढली, तर स्प्रिंग दिसेचना. तिथे लालपिवळा घट्ट चिखल होता. दर दसऱ्याला हळदकुंकू, झेंडू, आणि वर सासऱ्यांच्या उदार हाताने तिळाचं तेल. वर्षानुवर्षं ते कुंकू तेलाबरोबर आत उतरत गेलं आणि चिक्कीच्या पाकासारखं घट्ट बसलं. बारीक छऱ्याच्या हलक्या बाराला त्यातून नळी मागे ढकलणं शक्यच नव्हतं. दुनळीलाही तेवढंच कुंकू लागायचं, पण तिच्या नळ्या जागच्या हलत नाहीत, म्हणून तिला बाधलं नाही.

रॉकेलमध्ये सगळं धुतलं. चिंध्या लाल झाल्या. सासरे मागे येऊन उभे राहिले.

"पूजेचं कुंकू पुसतेस?"

"वरून हवं तेवढं लावा, मामंजी. आत नको."

ते तिथेच खाट ओढून बसले.

धुतल्यावर स्प्रिंगबरोबर दोन कडी निघाली, एक पितळी, एक लोखंडी. लोखंडी कड्याची एक कड आतून उतरती होती आणि ते स्प्रिंगच्या खालच्या टोकाला पडलेलं होतं, जिथे त्याला काही कामच नव्हतं. मी ते पितळी कड्यावर टेकवून बघितलं. उतरती कड पितळी कड्यावर चपखल बसली. दाबलं की पितळी कडं आवळतं आणि नळीला धरून ठेवतं, ब्रेकसारखं. म्हणजे मोठ्या काडतुसाला लोखंडी कडं वर, पितळी कड्याशी; बारीक छऱ्याला खाली, बिनकामाचं. सासऱ्यांनी मोठं काडतूस ब्रेकशिवाय उडवलं होतं. तेलाचंही तसंच. तिथे तेल ओतलं की ब्रेक घसरतो. मी तेलाची चिंधी नुसती फिरवली.

कडं वर ठेवून, मोठी काडतुसं भरून बांधावरच्या निवडुंगावर बार काढला. खांद्याला धक्का बसला, पण कुणी तळहाताने ढकलावं तसा, आणि लगेच दुसरा हलका. निवडुंगाचं पान उडालं, रिकामं काडतूस उजवीकडे जाऊन पडलं, पुढचं आत आलं. नजर निवडुंगावरून हललीच नव्हती. ती उंच पाठ, जिला सगळे हसायचे, तिच्यावरून एक सरळ रेघ नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्यापर्यंत जाते. दोन नळ्यांच्या मधून बघायचं नाही, अंदाज धरायचा नाही. त्या दिवशी मला बंदूक पसंत पडली.

माणसांचं मात्र अडलं. डोंगराच्या पायथ्याशी धनगरांची चार-सहा घरं होती. मेंढरं सांभाळून ते शेतात मजुरीलाही यायचे आणि गावचा हाका तेच घालायचे. त्यांचा म्होरक्या वयस्कर, शब्दाचा पक्का. तो म्हणाला, दुनळीपुढं आम्ही येऊ, हिच्यापुढं येणार नाही. मी कारण विचारलं. अ‍ॅक्शनच्या वेळी त्या लोकांनी लष्कराच्या गाड्यांवरच्या बंदुका पाहिल्या होत्या. एकदा चाप ओढला की गोळ्या सुटतच राहतात, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं, आणि आपोआप भरणारी म्हणजे आपोआप उडणारी असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"ती सुरू झाली का थांबत नाय म्हंत्यात, बाई. आन् आमी तर झाडीतून तिच्याच पुढ्यात निघायचं."

त्याचं चूक नव्हतं. जीव त्याच्या माणसांचा होता. मी बंदूक घेऊन त्याच्या घराकडे गेले, पाच काडतुसं त्याच्यासमोर भरली आणि नळी उघड्या माळाकडे धरली.

"एक बार काढते. चाप सोडत नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा सोडीन."

"दाबूनच धरा मग," तो म्हणाला, "माझी तंबाकू मळून व्हईस्तवर."

मी बार काढला आणि चाप दाबून उभी राहिले. त्याने चंची सोडली, तंबाखू हातावर घेतली, चुना लावला आणि मळायला लागला. इतक्या सावकाश तंबाखू मळलेली मी त्यानंतर कुठे बघितली नाही. माझ्या दंडाला कळ लागली. त्याच्या घरातल्या बायका दारातून बघत होत्या, त्यातली एक म्हणाली, "मामा, म्हशीला वैरण टाकून येता का तवर?" सगळे हसले. त्याने चिमूट ओठाखाली ठेवली आणि सोडा म्हणाला.

मग त्याने बंदूक हातात घेऊन नळीकडे बघितलं. आमच्याकडे हाक्याच्या वाटण्यांची रीत अशी, की जनावराचे वाटे पाडताना हाकाऱ्यांना माणशी एक आणि बंदुकीला नळीमागे एक. दुनळीला दोन जायचे.

"नळी येकच हाय नव्हं?"

"एकच."

"मग वाटा बी येकच."

"एकच," मी म्हटलं.

बार पाच आणि वाटा एक. त्याचा हिशेब माझ्याआधी झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणाला.

दिराला कळलं तेव्हा तो स्वतःहून आला. मी मदत मागितली नव्हती, पण नाहीही म्हटलं नाही. बरोबर सासरेही आले आणि बांधावरच्या बाभळीखाली बसले. दीर वरच्या बाजूला, जिथे नाल्याचा काठ ढासळला आहे तिथे उभा राहिला. मी खाली, भुईमुगाच्या टोकाला. जाताना म्हणाला, "वहिनी, उंट अडला तर हाक मारा." मी त्याला काडतुसं कोरडी आहेत ना ते विचारलं. त्या काळी काडतुसं कागदी असत, पावसाळ्यात फुगत, आणि त्याची ती पडवीतल्या कोनाड्यात असत.

डबे वाजू लागले. दिराचे दोन बार आधी ऐकू आले, लागोपाठ. मग काहीच नाही. ते का, हे नंतर कळलं. एक रिकामं काडतूस नळीत फुगून बसलं होतं आणि तो चाकूने ते उकरत होता. तेवढ्यात कळप त्याच्यासमोरून खाली निघून आला.

पुढे मोठा नर होता. पहिल्या बाराला तो गुडघ्यावर आला आणि परत उठला. मी मण्यावरून डोळा काढला नाही, दुसरा बार लगेच दिला आणि तो पडला. त्याच्यामागून दुसरा नर आला, पण तो आडवा वळला, थेट निरगुडीच्या कडेने, आणि त्याच कडेला हाकारे बाहेर पडत होते. म्होरक्याचं पांढरं मुंडासं मला मण्याच्या पुढे दिसलं. मी नळी वर उचलली. बंदुकीत तीन काडतुसं होती, डुक्कर डोळ्यांसमोर होता, आणि ती गप्प राहिली. डुक्कर हाकाऱ्यांना बिचकून परत फिरला, उघड्या वावरात आला, मागे फक्त टेकाड उरलं, तेव्हा मी तिसरा बार काढला. तो तिथेच आडवा झाला. बाकीचा कळप, माद्या आणि पिल्लं, नाला ओलांडून डोंगराकडे पळाली. ती त्या हंगामात परत उतरली नाहीत.

म्होरक्या डुकरांकडे न जाता आधी माझ्याकडे आला.

"थांबली की," तो म्हणाला.

वाटे पडले. दिराच्या बाराचा एक छराही कुठल्या जनावरात सापडला नाही, तरी रीत म्हणून दुनळीचे दोन वाटे बाजूला काढले. तंबाखूच्या वेळी बोलली होती तीच बाई वाटे करत होती. ती म्हणाली, "भावजी, एक वाटा काडतूस उकरल्याचा का?" दीर हसला, पण पिशवी घेऊन लवकर निघाला. पुढे त्याच्या मक्याला डुकरं लागली तेव्हा हाकारे म्हणाले, एका नळीची बंदूक असेल तर येतो. तो माझ्याकडे अदलाबदल करायची का विचारायला आला. मी नाही म्हटलं. त्याच्या मक्याच्या हाक्याला मीच जाऊन उभी राहिले, आणि एक वाटा घेऊन आले.

आता कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते बरंच आहे. तितर दिसेनासे झाले होते. पण पिकासाठी बंदूक ठेवायचा परवाना माझ्याकडे आहे, आणि नवी घ्या असं कुणी सांगितलं की मी त्यांना स्प्रिंग आणि कडी दाखवते. चार भाग कळले की ती कळली. सांभाळायला दुनळीपेक्षा अवघड आहे, एवढंच खरं. जो तिला उघडून बघणार नाही, त्याच्या खांद्याला ती लाथच मारेल.

त्या वर्षीचा भुईमूग काढून अंगणात वाळत घातला, तेव्हा सासरे काठी टेकत आले. खाली बसून त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, मग दुसरी फोडली. दीर ओसरीवरच होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे न बघता मला विचारलं, "तुझ्या तुकड्यात रब्बीला काय टाकतेस?"

करडई, मी म्हटलं. तिला काटे असतात, डुक्कर जवळ येत नाही.